म्हणी, वाक्प्रचार आणि टोपणनावे : उगम कसा शोधावा व कसा सांगावा

चौथीच्या वर्गात मराठीचा तास चालू होता. फळ्यावर एक म्हण लिहिलेली होती : ‘गाड्याबरोबर नळ्याची यात्रा.’ गुरुजींनी अर्थ विचारताच एक मुलगा उभा राहून म्हणाला, “गुरुजी, गाड्या यात्रेला गेल्या म्हणजे तिथं नळाला पाणी असतं.” वर्ग हसला. गुरुजींनी ‘मोठ्याच्या आश्रयाने लहानाचाही लाभ होतो’ हा पुस्तकातील अर्थ सांगितला आणि मुलांनी तो वहीत उतरून घेतला. तथापि गाड्याचा आणि नळाचा संबंध काय, हे कोडे कोणाच्याच चेहऱ्यावरून उतरले नव्हते. अर्थ वहीत गेला. म्हण मात्र फळ्यावरच राहिली.

सुदैवाने नातीला शाळेत पोहोचविण्यास आलेले एक वृद्ध शेतकरी ओसरीवर बसले होते. गुरुजींनी त्यांस आदराने आत बोलावले आणि विचारले, “आजोबा, नळा म्हणजे काय हो?” आजोबा म्हणाले, “आरं, नळ न्हवं, नळा. बैलगाडीच्या चाकाला वंगण लागतंय. ते वंगण ठेवायचा बांबूचा नळा गाडीला टांगलेला असायचा. गाडी पंढरीला निघाली की नळाबी पंढरीला. त्याला काय तिकीट लागतंय व्हय?” एका मिनिटात साऱ्या वर्गास म्हण कळली, आणि ती पुन्हा विसरली जाण्याचे कारण उरले नाही.

प्रस्तुत लेखक त्या वेळी त्या शाळेस भेट देण्यासाठी गेला होता. त्या प्रसंगाने जे शिकविले तेच येथे शिक्षकबंधु-भगिनींपुढे ठेवावयाचे आहे. म्हणीचा नुसता अर्थ सांगणे पुरेसे नाही. ती कोठून आली हे सांगितले तरच ती मुलाच्या मालकीची होते. मात्र उगम सांगताना एक पथ्य पाळणे अवश्य आहे. काही उगम प्रत्यक्ष वस्तूंत व कामांत दिसतात, काही इतिहासाने सिद्ध असतात, तर काही मागाहून रचलेल्या मनोरंजक कथा असतात. या तिहींची सरमिसळ करून सारेच ‘इतिहास’ म्हणून सांगणे हे मुलांना चुकीचे शिकविण्यासारखे आहे.

कामधंदा, रीतिरिवाज आणि घरातील वस्तू

आपल्या बहुतेक म्हणी राजवाड्यात जन्मल्या नाहीत. त्या शेतात, खळ्यावर, विहिरीच्या काठी आणि बाजारात जन्मल्या. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार’ ही म्हण घ्या. आड म्हणजे अरुंद तोंडाची विहीर आणि पोहरा म्हणजे तीतून पाणी शेंदण्याचे भांडे. ज्याने कोरड्या आडातून रिकामा पोहरा वर येताना पाहिला, त्याला या म्हणीचा अर्थ सांगावा लागत नाही. ‘पळसाला पाने तीनच’ हे तर वनस्पतिशास्त्रातील निरीक्षणच आहे. पळसाचे पान तीन दलांचे असते. तो पळस कोकणातला असो की विदर्भातला. शाळेजवळ पळस असेल तर या म्हणीचा पाठ झाडाखालीच घ्यावा.

‘चऱ्हाट लावणे’ यातील चऱ्हाट म्हणजे लांब दोर. बोलणे दोरासारखे लांबतच गेले की ते चऱ्हाट होते. ‘घाण्याला जुंपणे’ यात तेलाच्या घाण्याभोवती दिवसभर फिरूनही होता तेथेच राहणारा बैल आहे. ‘कसोटीला उतरणे’ यात सोनाराचा काळा दगड आहे; त्यावर सोने घासून उमटलेल्या रेघेवरून सोन्याचा कस पाहिला जातो. ‘चव्हाट्यावर आणणे’ यातील चव्हाटा म्हणजे चार वाटा मिळतात ती जागा. तेथे मांडलेली गोष्ट साऱ्या गावास कळणारच.

काही वाक्प्रचारांत जुने रिवाज जपलेले आहेत. दरबारात अवघड कामगिरीची वेळ आली म्हणजे तबकात विडा ठेवीत, आणि जो ती कामगिरी पत्करी तो विडा उचली. त्यावरून ‘विडा उचलणे’ म्हणजे प्रतिज्ञापूर्वक काम अंगावर घेणे असा अर्थ रूढ झाला. पतिपत्नींचा संबंध तुटल्याची खूण म्हणून काडी मोडण्याची चाल होती. त्यावरून ‘काडीमोड’ हा शब्द आला. रिवाज लोपला तरी भाषेने त्याची खूण पुसू दिली नाही.

शिक्षकांच्या स्वतःच्या घरचेही एक उदाहरण आहे. कोणत्याही कामाच्या आरंभास आपण ‘श्रीगणेशा’ किंवा ‘ओनामा’ म्हणतो. पूर्वीच्या गावठी शाळेत मूल धूळपाटीवर, म्हणजे धूळ पसरलेल्या फळीवर, बोटाने किंवा काडीने अक्षरे गिरवी. पहिले अक्षर गिरविण्यापूर्वी श्रीगणेशाला वंदन होई आणि त्याबरोबरच ‘ॐ नमः सिद्धम्’ हे वंदनवाक्य म्हटले जाई. ते लहान मुलांच्या तोंडी ‘ओनामासीधं’ झाले आणि त्याचाच तुकडा ‘ओनामा’ म्हणून उरला. ‘धुळाक्षरे गिरविणे’ हा प्रयोगही त्याच फळीवरचा. शाळेत आलेल्या नव्या मुलास ही हकीकत सांगितली, तर आपण किती जुन्या परंपरेत पाऊल टाकीत आहोत, याची त्यास जाणीव होईल.

मोडीत निघालेली नाणी व मापे

नाणे चलनातून जाते, पण बोलण्यातून जात नाही. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै हा हिशेब १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येईपर्यंत चालू होता. नव्या पैशास काही वर्षे ‘नवा पैसा’ म्हणत. १९६४ मध्ये त्यातील ‘नवा’ हा शब्द गळाला. पुढे पंचवीस पैसे व त्याहून लहान नाणीही २०११ च्या जूनअखेर चलनातून गेली. तरीसुद्धा ‘सोळा आणे खरे’, ‘पै-पैचा हिशेब’, ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ हे प्रयोग आपण सर्रास करतो. सोळा आणे म्हणजे पूर्ण रुपया, हे ठाऊक नसलेल्या मुलास ‘सोळा आणे खरे’ म्हणजे पूर्ण खरे हे कसे उमगावे? येथे भाषेचा तास गणिताच्या तासाशी सहज जोडता येतो. बारा आणे म्हणजे किती पैसे, असे विचारावे. मुले पाऊण रुपया, म्हणजे पंचाहत्तर पैसे, हे उत्तर काढतील आणि कोंबडीपेक्षा मसाला तिप्पट महाग झाला, यातील विनोदही त्यांना कळेल.

मापांचीही हीच कथा. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम व मीटर आले आणि शेर-मण मागे पडले. परंतु ‘शेरास सव्वाशेर’ अजून भेटतोच. ‘पासंगालाही न पुरणे’ हा प्रयोग तर आज अनेक मोठ्या माणसांनाही उलगडत नाही. तराजूची दोन्ही पारडी समतोल नसतील तर हलक्या बाजूस जे लहानसे वजन बांधतात ते पासंग. प्रत्यक्ष मापाचे वजन होणे दूरच, पण पासंग म्हणूनही जो उपयोगी पडत नाही, तो पासंगालाही पुरत नाही. एक काठी, दोन झाकणे व दोरा घेऊन वर्गात तराजू करावा. पासंगाची गरज मुलांना आपोआप दिसेल.

‘पाचावर धारण बसणे’ म्हणजे अतिशय घाबरून जाणे. धारण याचा एक जुना अर्थ धान्याचा बाजारभाव असा आहे. रुपयास किती माप धान्य मिळते यावरून पूर्वी भाव सांगत. ते माप उतरत उतरत पाचावर आले, म्हणजे महागाईने लोकांचा धीर सुटला, असा या प्रयोगाचा उलगडा सांगितला जातो. तो पटण्याजोगा आहे. परंतु तो ‘उलगडा’ आहे, ‘पुरावा’ नव्हे, हे येथेच ध्यानी ठेवावे.

इतिहासातून आलेले प्रयोग

आता इतिहासाकडे वळू. मराठी बोलण्यात अठरावे शतक पदोपदी डोकावते. राघोबादादांच्या उत्तरेकडील मोहिमेत १७५८ साली मराठी फौजा लाहोर घेऊन सिंधू नदीवरील अटकेपर्यंत पोहोचल्या. हे अटक आज पाकिस्तानात आहे. ‘अटकेपार झेंडे लावणे’ हा प्रयोग त्या पराक्रमाचा आहे, आणि ‘राघोभरारी’ हे राघोबादादांचे टोपणनावही त्याच धडाडीचे. त्यानंतर तीन वर्षे भरण्यापूर्वीच, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतावर सदाशिवरावभाऊ व विश्वासराव पडले आणि मराठी फौजेचा अहमदशहा अब्दालीकडून दारुण पराभव झाला. ‘पानिपत होणे’ म्हणजे पुरता नाश होणे. विजयाचा आणि पराभवाचा असे दोन्ही प्रयोग भाषेने शेजारी शेजारी ठेवले आहेत. मुलांना नकाशात अटक व पानिपत ही दोन्ही ठिकाणे दाखवावीत. पुण्यापासूनचे अंतर पाहिले म्हणजे दोन्ही शब्दांचे वजन त्यांना कळेल.

‘भाऊगर्दी’ हा शब्द आपण आज उमेदवारांची किंवा पुस्तकांची रेलचेल सांगण्यासाठी वापरतो. जुन्या मराठीत ‘गर्दी’ याचा अर्थ नुसता जमाव असा नसून धामधूम, दंगल, वाताहत असाही होता. आणि भाऊसाहेबांच्या वेळची पानिपतावरील वाताहत ती भाऊगर्दी. शब्दाचे दुःख कालांतराने पुसले गेले आणि त्यातील जमाव तेवढा उरला. त्याच पानिपताने ‘तोतया’ या शब्दासही ख्याती दिली. भाऊसाहेबांचा देह ओळखण्याविषयी लोकांच्या मनात संशय राहिला होता. त्याचा फायदा घेऊन एकाने आपणच भाऊ असल्याचे सांगून बंड उभारले. १७७६ मध्ये त्यास देहान्त शासन झाले. आजही खोटे नाव धारण करणारा तो तोतयाच.

अर्थ कसा उलटतो याचे उदाहरण ‘बारभाई’ या शब्दात सापडेल. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर १७७३-७४ मध्ये राघोबादादांविरुद्ध कारभारी मंडळी एकत्र आली. त्यांच्या मसलतीस ‘बारभाईंचे कारस्थान’ म्हणतात. ‘बारा’ हा आकडा येथे मोजण्याचा नसून ‘पुष्कळ’ या अर्थाचा आहे, जसा तो ‘बारा गावचे पाणी प्यालेला’ यात आहे. पुष्कळांनी मिळून केलेल्या कारभाराची फजिती सांगणारी ‘बारभाईंची खेती’ ही म्हण प्रसिद्ध आहे, आणि त्यामुळे ‘बारभाई कारभार’ म्हणजे गोंधळ असे आपण समजतो. इतिहासातील बारभाईंनी मात्र १७७४ मध्ये जन्मलेल्या सवाई माधवरावांस गादीवर बसवून राज्य सावरले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत इंग्रजांशी झुंज निभावली. म्हणीतील बारभाई व इतिहासातील बारभाई यांची गल्लत वर्गात होऊ देऊ नये.

लष्करी छावणीतील शब्दही गल्लीबोळात येऊन पोहोचले. महादजी शिंद्यांच्या पदरी असलेल्या डी बॉयनने जी कवायती फौज उभारली तिच्या तुकड्यांस ‘कंपू’ म्हणत. युरोपीय लोकांच्या छावणीवाचक शब्दाचे ते मराठी रूप. आज चार जणांनी आपापसांत संगनमत केले की तो कंपू होतो, आणि घरात पाच मुले जमली की ती ‘पलटण’ होते. शब्दांची बंदूक गेली, कवायत गेली. राहिली ती थट्टा.

कथा आधी की शब्द आधी?

येथपर्यंतचा मार्ग बराचसा सरळ होता. पुढे मात्र सावधपणे पाऊल टाकावे लागते. शब्दाला कथा चिकटली की ती इतकी गोड लागते की खरेखोटे पाहण्याची इच्छाच राहत नाही.

‘ध चा मा करणे’ हा प्रयोग सर्वांस ठाऊक आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांचा खून केला, ही गोष्ट इतिहाससिद्ध आहे. परंतु ‘नारायणरावास धरावे’ या आज्ञेतील ‘ध’ खोडून आनंदीबाईंनी ‘मा’ केला व ‘मारावे’ असे झाले, ही आख्यायिका आहे. खून हा इतिहास, अक्षराची अदलाबदल ही कथा. दोन्ही सांगाव्यात, पण दोन्हींच्या नावाच्या पाट्या वेगवेगळ्या लावाव्यात. एका बाईच्या नावावर कायमचा डाग बसविणारी गोष्ट ‘म्हणतात’ या शब्दाशिवाय मुलांपुढे ठेवणे न्यायाचे नाही.

याहूनही बोधप्रद उदाहरण ‘संक्रांत कोसळणे’ याचे आहे. पानिपतचे युद्ध १४ जानेवारीस, म्हणजे मकरसंक्रांतीच्या दिवशी झाले. तेव्हापासून संक्रांत शब्दास संकटाचा अर्थ आला, असे पुष्कळ ठिकाणी सांगतात. ऐकताच पटते. पण थोडी गणना करून पाहा. मकरसंक्रांत आपण सूर्याच्या निरयन राशिप्रवेशावरून धरतो. त्या वर्षाची लांबी इंग्रजी वर्षाहून किंचित अधिक असल्यामुळे संक्रांतीची तारीख सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. विसाव्या शतकात ती बहुधा १४ जानेवारीस येई, आता ती काही वर्षी १५ जानेवारीस येते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी झाला, आणि तो दिवस मकरसंक्रांतीचाच होता. १८६३ साली संक्रांत १२ तारखेस, तर त्याच्या शंभर वर्षे आधी ती १४ तारखेस कशी येईल? म्हणजे १७६१ साली संक्रांत युद्धापूर्वीच होऊन गेलेली होती. पौष शुद्ध अष्टमीचा, बुधवारचा तो दिवस संक्रांतीचा नव्हता.

मग संक्रांतीस संकटाचा अर्थ कोठून आला? त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. पंचांगात संक्रांत ही देवता कल्पून तिचे वाहन, वस्त्र, तिने घेतलेल्या वस्तू आणि ती कोणत्या दिशेस पाहते याचे वर्णन दिलेले असते. ती ज्या वस्तू घेते त्यांस, आणि ज्या दिशेकडे तिची दृष्टी असते त्या दिशेस पीडा होते, असा लोकांचा समज आहे. ज्यावर तिची नजर, त्याच्यावर संक्रांत. एवढ्यावरून वाक्प्रचार होण्यास अडचण ती कोणती? पानिपताची कथा त्यास मागाहून चिकटली असावी. सहावी-सातवीच्या मुलांपुढे ही गणना फळ्यावर मांडावी. म्हणीचे मूळ, पंचांग, भूगोल आणि शंका घेण्याची शिस्त असे चार पाठ एकाच तासात होतील. ‘सारे जण सांगतात म्हणून ते खरे’ असे नसते, हे मुलाला एकदा स्वतःच्या बेरीज-वजाबाकीने कळले, की तो आयुष्यभर थोडा अधिक शहाणा राहील.

काही कथा तर मुळातच कथा असतात, आणि तशाच त्या सांगाव्यात. ‘उंटावरचा शहाणा’ घ्या. रांजणात जनावराचे तोंड अडकले असता शहाणा उंटावरून खाली उतरेना. उंट आत यावा म्हणून त्याने आधी भिंत पाडविली आणि मग जनावराची मान कापून रांजण फोडण्याचा सल्ला दिला. ‘बादरायण संबंध’ हाही असाच. अनोळखी पाहुणा यजमानास सांगतो की, तुमच्या गाडीचे चाक बोरीच्या लाकडाचे आणि आमच्या दारी बोरीचे झाड, यास्तव आपण नातलग! येथे कोणी खरा पाहुणा शोधीत बसू नये. विनोदाचा आस्वाद घ्यावा.

टोपणनावे : गौरवाची आणि घावाची

म्हण ही समाजाची, तर टोपणनाव हे एका माणसाचे. पण दोन्हींचा जन्म सारखाच : कोणी तरी बोलतो, दुसरा उचलतो आणि सारा गाव चालवितो.

पेशवाईतील माणसे आपण घरगुती नावांनीच ओळखतो. बाळाजी बाजीराव म्हणजे नानासाहेब, रघुनाथराव म्हणजे दादा, सदाशिवराव म्हणजे भाऊ. नाना फडणविसांचे नाव बाळाजी जनार्दन आणि आडनाव भानू. ‘फडणवीस’ हा हुद्दा, फर्द म्हणजे हिशेबाचा कागद लिहिणारा तो फर्दनवीस, यावरून आलेला. लोकमान्य टिळकांचे पाळण्यातील नाव केशव होते. परंतु घरातील ‘बाळ’ हे नावच टिकले. ‘लोकमान्य’ ही पदवी लोकांनी दिली. जोतीराव फुले यांस १८८८ साली मुंबईच्या सभेत लोकांनी ‘महात्मा’ म्हणून गौरविले. पांडुरंग सदाशिव साने हे ‘साने गुरुजी’ झाले, म्हणजे आपल्या व्यवसायाचे नावच सन्मानाची पदवी झाले. शिक्षकांस याचा अभिमान का वाटू नये?

पेशवाईत ‘साडेतीन शहाणे’ प्रसिद्ध होते. सखारामबापू बोकील, नागपूरकरांचे देवाजीपंत चोरघडे आणि निजामाकडील विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण शहाणे, आणि नाना फडणवीस अर्धे. कारण नानांची बुद्धी मोठी असली तरी तलवार त्यांच्या हातची नव्हती, असे सांगतात. राज्य सांभाळणाऱ्या मुत्सद्द्यास लोकांनी ‘अर्धा’ म्हटले, तरी त्यात आदरच होता. अपूर्णांकाने माणूस लहान होतोच असे नाही.

परंतु अपूर्णांकाने माणूस लहान करताही येतो, हे प्रस्तुत लेखकास स्वतःच्या चुकीतून कळले. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत वर्गात एक मुलगा होता. प्रत्येक गोष्टीस तो ‘का?’ म्हणून विचारी. एके दिवशी शाळा तपासणीची घाई होती, धडा संपवावयाचा होता, आणि त्याचा हात पुन्हा वर गेला. वैतागाने तोंडून शब्द गेला, “बस खाली, दीडशहाण्या!” वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी मुले त्यास ‘दीड्या’ म्हणू लागली. आठवड्याभरात ते नाव गावात गेले. त्या मुलाने नंतर वर्षभर एकही प्रश्न विचारला नाही. त्या वेळी वर्गात शांतता आहे म्हणून समाधान वाटले होते, हे सांगताना आज लाज वाटते. अनेक वर्षांनी एस.टी. स्थानकावर तो भेटला. त्याने वाकून नमस्कार केला, मुलाबाळांची चौकशी केली, तेवढ्यात गाडीतून त्याच्या सोबत्याने हाक मारली, “अरे दीड्या, चल!” तो हसून निघून गेला. तो ते नाव विसरला नव्हता, गावही विसरले नव्हते. त्या नावाचा उगम शोधण्यास कोणत्याही कोशाची गरज नाही. तो एका शिक्षकाच्या जिभेवर झाला होता.

यास्तव दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. मुलाच्या रंगावरून, अंगातील व्यंगावरून, बोलण्यावरून, घरच्या धंद्यावरून किंवा जातीवरून पडलेले नाव शाळेच्या उंबऱ्याआत येऊ देऊ नये, आणि आपल्या तोंडून तर ते कदापि जाऊ नये. हजेरीच्या वेळी मुलाचे पूर्ण नाव स्पष्टपणे व प्रेमाने घ्यावे. दुसरे असे की, जुन्या म्हणींत विशिष्ट जातींस, स्त्रियांस व अपंगांस हिणविणाऱ्या म्हणीही पुष्कळ आहेत. त्या जुन्या समाजाच्या दोषांचा पुरावा आहेत, शहाणपणाचा नव्हे. मूल अशी म्हण घरून घेऊन आले तर त्यास रागावू नये. ती कोणी, कोणाविषयी आणि कोणत्या अधिकाराने म्हटली असेल, असे विचारावे. पाठांतरासाठी मात्र अशी एकही म्हण देऊ नये.

वर्गात काय करता येईल

या विषयासाठी खर्च लागत नाही. एक जाड वही पुरे. तिला ‘आमच्या गावचे शब्द’ असे नाव द्यावे. पाचवीपासूनच्या मुलांनी आठवड्यास एक म्हण, वाक्प्रचार किंवा टोपणशब्द घरातील वडीलधाऱ्यांकडून विचारून आणावा. वहीत पाच रकाने असावेत : शब्द किंवा म्हण, ती ज्या वाक्यात ऐकली ते वाक्य, कोणाकडून ऐकली, म्हणजे आजी, मामा, शेजारचे काका असे नाते, त्यातील वस्तू किंवा रिवाज आज दिसतो की नाही, आणि उगमाचा प्रकार. शेवटच्या रकान्यात तीनच शब्दांपैकी एक लिहावा : ‘वस्तू’, ‘इतिहास’ किंवा ‘कथा’. ठरविता आले नाही तर रकाना कोरा ठेवावा. कोरा रकाना ही चूक नव्हे. खोटा भरलेला रकाना ही चूक.

वस्तू दाखविता येत असेल तर अवश्य दाखवावी. गावात पोहरा, नळा, धान्य मोजण्याची जुनी मापे किंवा जुना आणा कोणाकडे असल्यास तो एक दिवस शाळेत मागवावा आणि त्यावरून निघालेल्या म्हणींची चिठ्ठी त्याजवळ ठेवावी. पडताळा पाहण्यासाठी मोल्सवर्थचा १८३१ मध्ये प्रथम निघालेला कोश, दाते व कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश व वाक्संप्रदाय कोश हे ग्रंथ तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या वाचनालयात पाहता येतील. गावच्या आजीचे म्हणणे आणि कोशाचे म्हणणे यांत फरक पडला, तर दोन्ही लिहावीत. आजी चुकली असे घाईने ठरवू नये. कोशकारांनीही असेच कोणाच्या तरी आजीकडून ऐकले होते.

नवे शब्द डोळ्यांदेखत जन्मतात, हेही मुलांना दाखवावे. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरास धावली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांची खेड्यात ‘येष्टी’ झाली, कोणी तिला ‘लाल डबा’ म्हणून हिणविले, तर कोणी ‘लालपरी’ म्हणून गौरविले. एकाच गाडीस ही तीन नावे कोणी, केव्हा व का देतो, असे मुलांना विचारावे. गाडी उशिरा आली की ती डबा होते आणि वेळेवर आली की परी, असे एखादा चतुर मुलगा सांगेलच. शब्द माणसाच्या मनातून येतात, हा सर्वांत महत्त्वाचा पाठ त्या उत्तरात आहे.

शेवटी एकच विनंती. पोहरा शेंदलेली, आण्यांत हिशेब केलेली, गाडीच्या नळ्यात वंगण भरलेली माणसे आता प्रत्येक गावात मोजकीच राहिली आहेत. कोशात अर्थ सापडेल; परंतु नळा गाडीस कोठे टांगीत, पोहरा कोणत्या झाडाखाली धुवीत, हे सांगणारा माणूस कोशात सापडणार नाही. तो कदाचित आजही आपल्या शाळेच्या ओसरीवर नातवाची वाट पाहत बसला असेल. त्यास आत बोलवावे, खुर्ची द्यावी आणि मुलांना प्रश्न विचारू द्यावेत. कोणाचा हात वारंवार वर गेला, तर त्यास खाली बसवू नये.